मोक्का, कलम १११ आणि कोर्टाच्या कँटीनमधला तो चहा

पिंपळपान (धागाकर्ती)

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १११ मुळे 'संघटित गुन्हेगारी' हा पहिल्यांदाच देशभर एकसारखा गुन्हा ठरला. तोवर राज्यं आपापल्या कायद्यांवर काम चालवत होती. आपला मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ चा. टाडा हा केंद्राचा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला होता आणि मुंबईत भर दिवसा माणसं मारली जात होती. जानेवारी १९९७ मध्ये पवईत कामगार नेते दत्ता सामंत गेले, ऑगस्टमध्ये अंधेरीत कॅसेट कंपनीवाले गुलशन कुमार. त्या दिवसांतून हा कायदा आला. पुढे कर्नाटकने तसाच कायदा केला, दिल्लीने मोक्का लागू करून घेतला, गुजरातचा कायदा राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी २०१९ पर्यंत अडकला. आता मोक्काचा सांगाडा केंद्राने उचललाय.

हे सगळं मी नुसती वाचक म्हणून लिहीत नाहीये. आमचं उपनगरात हार्डवेअरचं दुकान होतं. रंग, खिळे, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या. १९९८ च्या दिवाळीनंतर फोन सुरू झाले. 'दोन पेटी.' बाबांना आधी वाटलं, कुणीतरी मालाच्या पेट्या मागतंय. नंतर कळलं की पेटी म्हणजे लाख. आई रात्री रिसीव्हर काढून ठेवायची आणि त्यावर उशी ठेवायची, कारण काढून ठेवलेला रिसीव्हरसुद्धा बारीक आवाज करत राहतो. बाबांनी पैसे दिले नाहीत. एका संध्याकाळी शटरवर गोळी झाडली गेली. बाबा पोलिसांत गेले, ओळख परेडला गेले, तिथे माणूस बरोबर ओळखला.

साक्षीची तारीख लागली चार वर्षांनी. बाबा समन्स घेऊन एकटे गेले. कोर्टाच्या कँटीनमध्ये बसले असताना एक तरुण मुलगा आला, दोन चहा घेतले, एक बाबांसमोर ठेवला आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "काका, ताईचं कॉलेज साडेबाराला सुटतं ना?"

ती ताई म्हणजे मी.

बाबांनी पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, या माणसाला मी ओळखत नाही. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केलं. आरोपी सुटला. ज्या अधिकाऱ्याने मनापासून तपास केला होता, तो कोर्टाबाहेर बाबांशी एक शब्द बोलला नाही, आणि बाबा पुढची सतरा वर्षं, जाईपर्यंत, 'फितूर' हा शब्द पेपरात आला की पान उलटायचे.

म्हणून मी नव्या कलमात एकच गोष्ट शोधतेय. शिक्षा आहे, दंड आहे, मालमत्ता आहे. कँटीनमध्ये एकट्या बसलेल्या माणसाचं काय? जाणकारांनी लिहावं.

ॲड_मीरा

पिंपळपान, तुमच्या बाबांना फितूर म्हणणारा शब्द कायद्याचा आहे, न्यायाचा नाही. एवढं आधी म्हणू द्या.

आता कलमाबद्दल. १११ ची व्याख्या बरीचशी मोक्कावरूनच आली आहे. दोन किंवा जास्त माणसांची टोळी, आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं, तीही तीन वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची, ज्यांची कोर्टाने दखल घेतलेली आहे. यादी मात्र लांबवली आहे: अपहरण, खंडणी, जमीन बळकावणं, सुपारी घेऊन खून, आर्थिक गुन्हे, सायबर गुन्हे, माणसांची आणि अमली पदार्थांची तस्करी. मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड. एरवी किमान पाच वर्षं आणि पाच लाख.

मोक्काच्या कडक बाजूबद्दल सगळे बोलतात. आरोपीला जामीन मिळणं महाकठीण, दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत, पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. यातलं काहीच १११ मध्ये नाही. पण मोक्काला कुलुपंही होती. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी असल्याशिवाय गुन्ह्याची नोंदच होत नाही, तपास उपअधीक्षकाच्या खालचा माणूस करू शकत नाही, आणि अपर महासंचालक दर्जाच्या परवानगीशिवाय कोर्ट दखल घेत नाही. १११ मध्ये ही कुलुपंही नाहीत. शेजारच्या ११३ मध्ये, दहशतवादाच्या कलमात, निदान अधीक्षकाने निर्णय घ्यायचा असं लिहिलंय. १११ ला तेवढंही नाही. म्हणजे तालुक्याच्या ठाण्यातला अंमलदारसुद्धा हे कलम लावू शकतो. वकील म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर १११ मध्ये नाही. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३९८ मध्ये आहे: प्रत्येक राज्याने साक्षीदार संरक्षण योजना करून अधिसूचित करावी. एक वाक्य आहे, बाकी सगळं राज्यांवर.

स्पष्टवक्ता_सोलापूर

माझं मत कडू वाटेल. मुंबईतल्या टोळ्या कायद्याने संपल्या नाहीत, एन्काउंटरने संपल्या. लोकांना खटले नकोत, सुटका हवी असते. तुमच्या वडिलांना चहा पाजणारा तो पोरगा दुसऱ्या दिवशी दिसलाच नसता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं का? प्रामाणिकपणे सांगा.

पिंपळपान (धागाकर्ती)

प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला कुणी विचारलं असतं, तर नसतं वाटलं. आज वाटतं. बाबांना तो मेलेला नको होता. त्यांना कोर्टात खरं बोलून घरी यायचं होतं. तेवढंच त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं, ते बंदुकीने परत मिळालं नसतं.



निवृत्त_फौजदार

तेहतीस वर्षं खात्यात होतो, त्यातली बरीच गुन्हे शाखेत. सोलापूरकर, तुमचा राग समजतो, पण त्या काळात खात्याच्या आतून जे दिसायचं ते वेगळं होतं. चकमकीत माणूस मेला की त्याच्याबरोबर त्याला माहीत असलेलं सगळं जातं: पैसा कुणाकडे होता, हत्यार कुणी दिलं, वरून फोन कुणी केला. टोळीला उलट बरं. आणि २००६ च्या लखनभैया प्रकरणात काय झालं? बनावट चकमकीबद्दल पोलिसांनाच जन्मठेप झाली. एका टोळीचा माणूस मारायला दुसरी टोळी पोलिसांना वापरते, हा धोका तेव्हा आम्ही आपसात बोलायचो, उघड कुणी बोलायचं नाही.

१९९३ चं उदाहरण घ्या. रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला स्फोटकांचा माल उतरला. चांदीची तस्करी चालायची तोच रस्ता, तीच माणसं, वाटेतले तेच ठरलेले पैसे. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोटांत २५७ माणसं गेली. त्या खटल्यात कस्टमचे आणि पोलीस खात्याचे लोकही दोषी ठरले. त्यांनी स्फोट केले नव्हते, त्यांनी पैसे घेऊन बघायचं टाळलं होतं. त्यानंतर केंद्राने वोहरा समिती नेमली आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्याबद्दल सरकारच्याच गृहसचिवाने लिहिलेला तो कागद. संसदेसमोर यायला ऑगस्ट १९९५ उजाडलं. केंद्राच्या धोरणाबद्दल बोलायचं तर मी सुरुवात तिथून करीन, कलम १११ पासून नाही.

मोक्काच्या कबुलीजबाबाबद्दलही बोलतो, कारण मीरा मॅडम आमच्या बाजूने बोलतील असं नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. ते कायद्याचं झालं. पण ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांच्या हातात एकोणीस वर्षांनी काय आलं? कबुलीजबाबावर उभा केलेला खटला हा वाळूवरचा बंगला. साक्षीदार, कागद, बँकेचे व्यवहार, फोनचे तपशील, याला वेळ लागतो, माणसं लागतात. ती दिली जात नाहीत आणि मग शॉर्टकट घेतला जातो. मी स्वतः घेतलेला नाही, पण घेताना पाहिला आहे आणि गप्प बसलो आहे.

बँकेतली_मंदा

इथे सगळे टोळी म्हटलं की हत्यार डोळ्यांसमोर आणतायत. मी एका बँकेच्या शाखेत काउंटरला आहे. आमच्यासाठी टोळी म्हणजे व्हिडिओ कॉल.

मागच्या पावसाळ्यात एक आजोबा आले, चौदा लाखांची मुदत ठेव मोडायला. शर्टाच्या खिशात फोन उभा ठेवलेला, कॅमेरा बाहेर डोकावत होता. मी विचारलं, आजोबा, एवढी घाई का? ते काहीच बोलले नाहीत. विड्रॉल स्लिप उलटी केली आणि मागे थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'बोलू नका. ऐकत आहेत.' त्यांना सांगितलं होतं की तुमच्या आधारवर अमली पदार्थांचं पार्सल सापडलंय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. कायद्यात असली अटक नाहीच, पण दोन दिवस ते आणि आजी आपल्याच घरात कैदी होते. आम्ही 'सिस्टीम डाउन आहे' म्हणून त्यांना बसवलं, फोन बंद केला, पोलिसांना बोलावलं. पैसे वाचले.

बाकीच्यांचे वाचत नाहीत. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन लावा, हे घरोघरी सांगा. केंद्राच्या गृह खात्याची ती हेल्पलाइन आहे. तक्रार लगेच नोंदली तर पुढच्या बँकेत रक्कम गोठवता येते. एका खात्यातून दहा, दहातून चाळीस, असे पैसे फुटत जातात. ती खाती कुणाची? कॉलेजची पोरं, मजूर, 'तुझं पासबुक आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे' म्हणून भाड्याने दिलेली. कलम १११ मध्ये सायबर गुन्हा घातला हे चांगलंच झालं, पण फोन करणारे बसलेत कंबोडियात आणि म्यानमारमध्ये. त्यातलेही कित्येक नोकरीच्या आमिषाने नेऊन कोंडलेले आपलेच तरुण. आपल्या हाती लागतो तो खातं भाड्याने देणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला टोळीचा सदस्य धरायचं की साक्षीदार करायचं? मला खरंच उत्तर हवंय.

ॲड_मीरा

मंदाताई, इथेच 'एकाहून जास्त दोषारोपपत्रं' ही अट कामाची आहे. पहिल्यांदा सापडलेल्या मुलावर सरसकट १११ लावू नये. लावलं तर तो जामिनाची वाट बघत तुरुंगात राहील आणि ज्याने खातं घेतलं त्याचं नाव सांगणारा एकमेव माणूस कायमचा गप्प होईल. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बाबतीत असंच दिसतं. मोक्का लागतो विशीतल्या मुलांना आणि पुढचा कोयता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात देतात, कारण त्याला मोक्का लागत नाही हे देणाऱ्याला माहीत असतं.

मिलानवासी

नमस्कार. अकरा वर्षं इटलीत आहे, उशिरा लिहितोय. पिंपळपान, तुमचा चहाचा प्रसंग वाचून मी लॅपटॉप मिटून खाली चक्कर मारून आलो.

इथल्या कायद्याची एक गोष्ट सांगाविशी वाटते. १९८२ च्या एप्रिलमध्ये पालेर्मोत पिओ ला तोर्रे या खासदाराला मारलं. माफियाची मालमत्ता जप्त करावी हा त्याचा आग्रह होता. सप्टेंबरमध्ये तिथले प्रीफेक्ट (सरकारचे स्थानिक प्रतिनिधी), जनरल दाल्ला किएझा, पत्नीसह मारले गेले. त्यानंतर दहा दिवसांत संसदेने कायदा केला, दंडसंहितेत ४१६-बिस कलम घातलं. त्यातली माफियाची व्याख्या मला फार महत्त्वाची वाटते. किती गुन्हे, किती आरोपपत्रं, असं मोजत नाहीत. टोळीच्या दहशतीमुळे लोक दबतात आणि गप्प बसतात, त्या गप्प बसण्याचा फायदा जी घेते ती माफिया. म्हणजे तुमच्या बाबांचं गप्प होणं हा इथे साक्षीदाराचा दोष नाही, गुन्ह्याचं लक्षण आहे. व्याख्येतच आहे.

दुसरं. लिबेरो ग्रासी नावाचा पालेर्मोचा कपड्यांचा कारखानदार होता. जानेवारी १९९१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात खंडणीखोराला जाहीर पत्र लिहिलं, मी पैसे देणार नाही. बाकीच्या उद्योजकांनी त्याला एकटं पाडलं. ऑगस्टमध्ये घराजवळ गोळ्या घातल्या. त्यानंतर खंडणी नाकारल्याने ज्यांचं नुकसान होतं त्यांना भरपाई देणारा सरकारी निधी उभा राहिला, त्याचा आजचा कायदा फेब्रुवारी १९९९ चा. आपला मोक्काही त्याच महिन्यातला. इथे टोळीतून फुटून माफीचा साक्षीदार झालेला आणि कुठलाही गुन्हा न करता साक्ष देणारा सामान्य माणूस यांत कायदा फरक करतो, दुसऱ्यासाठी २०१८ मध्ये वेगळा कायदा झाला. घर, उपजीविका, आपल्याच गावात राहून संरक्षण मिळवण्याची सोय, हे त्यात आहे.

सगळं गोड नाही. माफिया इथे संपलेली नाही, उत्तरेत ठेकेदारीत आणि हॉटेलांत पैसा घालून बसली आहे. पण जप्त जमिनींवर सहकारी संस्था गहू पिकवतात आणि त्याचा पास्ता माझ्या घराजवळच्या दुकानात मिळतो. पाकिटावर लिहिलेलं असतं, हा माफियाकडून घेतलेल्या जमिनीवरचा. मी तोच घेतो.

ॲड_मीरा

मिलानवासी, मालमत्तेबद्दल आपल्याकडेही पाऊल पडलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ प्रमाणे गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता कोर्टाच्या आदेशाने जप्त होऊन जिल्हाधिकाऱ्यामार्फत पीडितांना वाटता येते. साठ दिवसांची मुदत आहे. हे नीट राबवलं तर टोळीला तुरुंगापेक्षा जास्त झोंबेल.

मांजराकाठ

नमस्कार. मी लिहू का नको असा दोन दिवस विचार करायलो. आमच्याकडं मराठवाड्यात टोळी म्हणलं की लोक हसतात, कारण ती टोळी नसतीच, ती 'आपली माणसं' असतात. वाळूचा ठेका, पवनचक्कीचं काम, कारखान्याची ऊसतोड, रस्त्याचं बिल, समद्यात हिस्सा. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं काय केलं ते उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्यात मोक्का लागला, खटला चालू आहे, त्यावर मी बोलणार नाही.

मी बोलतो माझं. एका खंडणीच्या केसमध्ये मी साक्षीदार आहे. जबाब दिलाय. आता रोज संध्याकाळी एक बिनानंबरची गाडी आमच्या वाड्यासमोर येऊन नुसती थांबती. कुणी उतरत नाही. काच खाली होत नाही. दहा मिनिटं थांबती आणि जाती. माय विचारती, कोण पाहुणे आहेत रे? ठाण्यात सांगितलं तर म्हणाले, गाडी थांबणं हा गुन्हा नाही. केस...

[मजकुराचा काही भाग संपादित. — संचालक]

ॲड_मीरा

दादा, गाव, केस नंबर, ठाणं, काहीही इथे लिहू नका. संचालकांनी काढलं ते बरं केलं.

आता नीट वाचा. महेंदर चावला खटल्यात ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती सगळ्या राज्यांना बंधनकारक केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचा कायदाही केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे जिल्ह्यात समिती असते, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत पोलीस प्रमुख आणि सदस्य सचिव म्हणून सरकारी अभियोग विभागाचा प्रमुख. अर्ज त्या सचिवाकडे. तुम्ही, तुमच्या घरचं कुणी किंवा तुमचा वकील देऊ शकतो. मग उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवतात, पाच कामाच्या दिवसांत. जीव धोक्यात असेल तर तोवर तात्पुरतं संरक्षणही देता येतं. साक्षीच्या दिवशी पोलीस सोबत, घरासमोर गस्त आणि कॅमेरा, बंद दाराआड साक्ष, दूरदृश्य प्रणालीने साक्ष, हे सगळं मागता येतं. अर्जात 'भीती वाटते' एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, किती मिनिटं, गाडीचा रंग, कुणी पाहिलं, ते लिहा.

निवृत्त_फौजदार

आणि पोच घ्या. शिक्का, सही, तारीख. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही. शेजारच्या दोघांना सोबत न्या, एकटे जाऊ नका. तारखेच्या दिवशी कोर्टातही एकटे बसू नका. मी हे साक्षीदारांना सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही. आम्ही समन्स बजावून मोकळे व्हायचो.

पिंपळपान (धागाकर्ती)

फौजदार काका, हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. बाबांचा राग त्या अधिकाऱ्यावर कधीच नव्हता. त्यांना एकच वाटायचं, की साहेब बाहेर भेटले तेव्हा त्यांनी निदान 'काय झालं?' एवढं विचारायला हवं होतं. बाबांनी चहाचं सांगितलं असतं.

मांजराकाठ दादा, तुम्ही कुठल्या जिल्ह्यातले ते मला कळवू नका. पण साक्षीची तारीख लागेल त्या दिवशी इथे नुसतं 'आज' एवढं लिहा.

मांजराकाठ

ताई, मीरा मॅडम, काका, काल अर्ज दिला. चुलत भाऊ आणि शाळेचे गुरुजी सोबत आले. कचेरीतला बाबू आधी घ्यायला नाही म्हणला, मग गुरुजींनी योजनेचा कागद पुढं ठेवला. एकवीस दिवसांच्या तारखा लिहून दिल्यात, मायनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या, मला माहीतच नव्हतं.

पोच मिळाली. शिक्का आहे.